पुनरुत्थान म्हणजे वसंतोत्सव नव्हे

ईस्टर जवळ आला की व्यासपीठावरून आणि छापील पानांवरून एक ठराविक गोड बोलणे दरवर्षी ऐकू येऊ लागते. ईस्टर हा आशेचा सण आहे. ईस्टर हा नवजीवनाचा सण आहे. निष्पर्ण झाडाला पालवी फुटावी तशी खचलेल्या मनाला पालवी फोडणारा हा दिवस आहे. हिंदू मित्र शुभेच्छा देतात त्या याच शब्दांत, आणि आमचे पाळक उपदेश करतात तोही याच शब्दांत. या बोलण्याला कोणी आक्षेप घेत नाही, कारण आक्षेप घेण्याजोगे त्यात काही नसतेच. परंतु ज्या विधानाला कोणीच आक्षेप घेत नाही, त्या विधानासाठी कोणी जीव दिल्याचे उदाहरण मला ठाऊक नाही. पहिल्या पिढीतील ख्रिस्ती माणसांनी जीव दिला. 'वसंत ऋतू येतो' एवढेच ती सांगत फिरली असती, तर रोमच्या साम्राज्याने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिले नसते.

मी हिंगोली जिल्ह्यातला एक साधा ख्रिस्ती शिक्षक. धर्मशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. तरीही या विषयावर भांडण मांडण्याचा अधिकार मी घेतो, कारण हा विषय पंडितांच्या स्वाधीन केल्यामुळेच त्याची ही दशा झाली आहे, असे माझे मत आहे. शिवाय हा जिल्हा नरहर कुरुंदकरांचा. त्यांचा जन्म 1932 साली इथल्याच नांदापूरचा. ते स्वतःला नास्तिक म्हणवीत. पण समोरच्याने आपली श्रद्धा नीट शब्दांत मांडावी, तिचे निष्कर्ष टाळू नयेत, असा आग्रह त्यांच्या लेखनाने या मुलखाला लावला. गुळमुळीत आस्तिकापेक्षा स्पष्ट नास्तिक परवडतो, हे मी त्यांच्या वाचनातूनच शिकलो.

प्रथम त्या वसंताचेच पाहू. हिंगोलीत ईस्टरला वसंत कुठे असतो? चैत्राचे ऊन तापलेले असते, कयाधूच्या पात्रात वाळू आणि दगड दिसत असतात, विहिरींनी तळ गाठलेला असतो. पालवी फुटते ती कडुलिंबाला आणि पिंपळाला. माणसाचा मात्र घसा कोरडा पडलेला असतो. बर्फ वितळून गवत हिरवे होण्याचा युरोपातला अनुभव त्या लोकांना खरा असेल. त्यांनी तो आपल्या सणाला जोडला, यात गैर काही नाही. आपण तो उसना का घ्यावा? आणि मुळात हा सण वसंताचा नव्हेच. 325 साली निकाया येथील परिषदेने सर्व मंडळ्यांनी तो एकाच रविवारी पाळावा असे ठरविले, आणि तो रविवार वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेवरून काढण्याची रीत रूढ झाली. म्हणून तो बहुधा आपल्या फाल्गुनी किंवा चैत्री पौर्णिमेच्या मागोमाग येतो. पण ती पौर्णिमा कशाची? यहुद्यांच्या वल्हांडण सणाची. आणि वल्हांडण कशाची आठवण? मिसर देशातल्या गुलामांनी मालकाच्या विटांच्या भट्ट्या सोडून पळ काढला, त्या रात्रीची. म्हणजे ईस्टरची तिथी फुलांवरून ठरत नाही. वेठबिगारांच्या सुटकेवरून ठरते. आमच्या उपदेशांतून ही गोष्ट अशी गळून गेली आहे की जणू ती कधी नव्हतीच.

आमच्या भागातल्या वक्त्यांना दुसरा एक दृष्टान्त फार प्रिय आहे, तो हळदीचा. तो त्यांना सुचावा हे स्वाभाविक आहे. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; हिंगोली-वसमतची बाजारपेठ हळदीने पिवळी होते. उपवासकाळात इकडे हळदीची काढणी उरकत असते. कढया नाहीतर बॉयलर धडधडत असतात, शिजवलेली हळकुंडे उन्हात पसरलेली असतात, ढोलात घालून त्यांना पॉलिश चालू असते. वक्ता म्हणतो, 'पाहा, जेठा गड्डा मातीत पुरला, तो कुजला, आणि त्यातून नवे पीक आले, तसाच प्रभू.' मंडळी माना डोलावतात.

मला हा दृष्टान्त अपुराच नव्हे, दिशाभूल करणारा वाटतो. गड्डा उगवतो तो निसर्गाच्या नियमाने. पावसाने डोळे वटारले नाहीत, कंद सडला नाही, तर तो उगवणारच. त्यासाठी शेतकऱ्याला पाणी लागते, श्रद्धा लागत नाही. प्रभूची कबर म्हणजे गादीवाफा नव्हे. सुळावर दिलेला माणूस आपोआप उगवत नाही. निसर्गाचा नियम एवढाच आहे की मारलेला मेलेलाच राहतो आणि मारणारा त्याच्या शेतात पीक घेतो. पौलाने बियाण्याची उपमा वापरली हे मला ठाऊक आहे. पण ती उठलेल्या देहाचे वेगळेपण समजावण्यासाठी वापरली. त्याच पत्रात तो बजावतो की ख्रिस्त उठला नसेल, तर आमचा सारा उपदेश पोकळ आहे आणि सर्व माणसांत कीव करण्याजोगे आम्हीच. ऋतुचक्राविषयी असे कोणी बोलत नाही. उद्या उजाडले नाही तर माझा उपदेश खोटा, असे म्हणण्याची वेळ कोणावर येत नसते.

आता दुसरी पळवाट. ती आमच्या हाडीमांसी इतकी मुरली आहे की ती पळवाट आहे हेच लक्षात येत नाही. आमच्यात मौत झाली की लोक म्हणतात, 'आत्मा प्रभूकडे गेला, आता मागे राहिली ती माती.' आत्मा अमर आणि देह म्हणजे टाकून द्यावयाचे वस्त्र, हा विचार या देशात थोर आहे. त्याची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही. ग्रीक लोकही असेच म्हणत. सॉक्रेटिसाने विषाचा पेला शांतपणे घेतला, तो याच विश्वासाने. येशूने मात्र गेथशेमाने बागेत घाम गाळला, तो मरणाला भ्याला, हा पेला टळो अशी त्याने याचना केली. ऑस्कर कुलमान या पंडिताने 1955 साली एका व्याख्यानात या दोन मृत्यूंची तुलना करून दाखविले होते की, आत्म्याचे अमरत्व आणि मेलेल्यांचे पुनरुत्थान या दोन कल्पना एक तर नव्हेतच, उलट त्यांच्यात विरोध आहे. एकीत मरण हा मित्र आहे, दुसरीत तो शत्रू आहे.

हा भेद शब्दांचा नाही. देह हे नुसते वस्त्र असेल, तर त्या वस्त्रावर कोणी चाबूक ओढला, ते उपाशी ठेवले, विटाळ मानून दूर लोटले, तर फारसे काय बिघडले? आतला आत्मा तर कोराच आहे! हजारो वर्षे राबणाऱ्या देहांना हेच सांगून गप्प बसविण्यात आले. पुनरुत्थानाचा अर्थ याच्या नेमका उलट आहे. देवाने येशूचा आत्मा अलगद काढून घेऊन देह कुत्र्या-गिधाडांना टाकला नाही. जो देह सुताराच्या कामाने घट्टे पडलेला होता, ज्याला फटके बसले, तोच देह त्याने उठविला. उठल्यावर त्या देहाने भाजलेला मासा खाल्ला, तळ्याकाठी निखाऱ्यांवर सोबत्यांसाठी न्याहारी केली. देवाला माणसाचे शरीर हवे आहे, त्याचा घाम हवा आहे, त्याची भूक त्याला कळते, असा याचा अर्थ.

आणि हे समजायला युरोपात जावे लागत नाही. परंपरेने नामदेवांचे जन्मस्थान मानलेले नरसी हिंगोलीपासून हाकेच्या अंतरावर आहे. त्याच नामदेवांची एक कथा महाराष्ट्र जाणतो. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गाडले गेले. परंपरा हे साल 1338 चे सांगते. नामदेव तिथे गेले. ढिगाऱ्यात अनेक मजुरांची हाडे मिसळलेली. चोखोबांची कोणती, हे कसे ओळखावे? नामदेवांनी एकेक हाड कानाशी लावले, आणि ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती वेचून पंढरपूरला आणली, महाद्वाराशी समाधी दिली. जिवंतपणी ज्याला त्या दाराच्या आत पाऊल टाकू दिले नाही, त्याची हाडे त्या दाराशी! ही कथा पुनरुत्थानाची नाही. मी तिला ओढूनताणून ख्रिस्ती करीत नाही. पण वेठीत चिरडलेल्या देहाची हाडेसुद्धा देवाच्या दृष्टीने टाकाऊ नाहीत, हे या कथेला कळले आहे. 'माती राहिली' म्हणून मोकळे होणाऱ्या आमच्या मंडळीला ते कळलेले नाही.

तिसरी पळवाट शहरी, सुशिक्षित ख्रिस्ती माणसाची. जर्मन पंडित रुडोल्फ बुल्टमान यांनी 1941 साली एका व्याख्यानात मांडले की नव्या करारातील पुराणकथेचे कवच आधुनिक माणसाने बाजूला सारावे. तेव्हापासून पुष्कळांना असे म्हणणे सोयीचे झाले आहे की प्रभू शिष्यांच्या श्रद्धेत उठला, त्यांच्या उपदेशात उठला. कबरेचे काय झाले हा प्रश्नच गैरलागू. बुल्टमान यांच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. त्यांचे नाव घेऊन दोन्ही डगरींवर पाय ठेवणाऱ्यांविषयी आहे.

शुभवर्तमानांतले वृत्तान्त एकमेकांशी पूर्ण जुळत नाहीत, हे मी मान्य करतो. कबरेपाशी किती स्त्रिया गेल्या, देवदूत एक होता की दोन, दर्शन यरुशलेमेत झाले की गालीलात, याविषयी चौघांचे चार प्रकार आहेत. मार्काच्या सर्वांत जुन्या प्रती तर, स्त्रिया भयाने पळाल्या आणि कोणाला काही बोलल्या नाहीत, इथेच थांबतात. मी एवढेच विचारतो की रचून सांगायचे असते तर असे कोण रचील? त्या काळच्या समाजात बाईच्या साक्षीला किंमत नव्हती. दुसऱ्या शतकातील सेल्सस या टीकाकाराने, एका वेडसर बाईच्या सांगण्यावर तुमचा धर्म उभा आहे, अशी हेटाळणीही केली. तरी चारही वृत्तान्तांत पहिली साक्ष बायकांची, आणि मरीया मग्दालीयेचे नाव चौघांनीही राखले आहे. हा पुरावा झाला असे मी म्हणत नाही. बुद्धिवादी वाचकाला पटेल असा पुरावा माझ्यापाशी नाही, आणि तो आहे असा आव आणणाऱ्या पुस्तकांचा मला कंटाळा आहे. परंतु बुद्धिवाद्याचा खरा प्रश्न वेगळाच असतो: 'तुम्ही हे मानता ना? मग त्यामुळे तुमच्यात काय निराळे झाले?' या परीक्षेत आम्ही नापास होतो. आमचे विरोधक आम्हांला नापास करीत नाहीत. आमचे वर्तन करते.

पाहा ना, पहिली साक्ष बायकांची, असे वाचून दाखविणाऱ्या किती मंडळ्यांत ईस्टरच्या पहाटे बाई व्यासपीठावर उभी राहते? ती देवळाचा केर काढते, फुले मांडते, गीते गाते, दानाच्या थैलीत टाकते. उपदेश पुरुष करतो, आणि पुष्कळदा उपदेशाचा विषय असतो स्त्रियांनी घ्यावयाची शिस्त.

चौथी पळवाट सर्वांत बाजारू, आणि सध्या तिचाच जोर आहे. ती चंगाई सभांची. मांडव पडतो, कर्णे लागतात, आणि उठलेल्या प्रभूच्या नावाने कर्ज फिटण्याची, कॅन्सर जाण्याची, व्हिसा मिळण्याची हमी दिली जाते. रोग्यासाठी प्रार्थना करू नये असे मी म्हणणार नाही; तीच तर आमची रीत. पण अशाच एका सभेत, नवऱ्याने कर्जापायी औषध पिऊन जीव दिलेल्या एका बाईला, 'तुमच्या घरात विश्वास कमी पडला' असे सर्वांसमक्ष सांगितलेले मी माझ्या कानांनी ऐकले आहे. मराठवाड्यात असे बोलण्याची छाती होते कशी? सोयाबीनचा भाव कोसळतो, कपाशीवर अळी पडते, पीकविम्याचा पैसा येत नाही, सावकार दारात उभा राहतो, आणि दोष विधवेच्या विश्वासाचा! उठलेल्या प्रभूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते. थोमाने मागितल्यावर त्याने ते दाखविले. देवाने त्याचा देह उठविला, पण जखमा पुसल्या नाहीत. जखमा पुसून देण्याचा धंदा करणारे मग कोणाच्या नावाने करतात?

आता मी माझ्या मुख्य म्हणण्यापाशी येतो. पुनरुत्थान हा चमत्कार आहे एवढेच म्हणणे पुरेसे नाही. पुनरुत्थान हा निकाल आहे. येशू म्हातारपणी अंथरुणात वारला नव्हता. त्याच्यावर खटला झाला, धर्मपीठाने त्याला निंदक ठरविले, पंतय पिलात या सुभेदाराने शिक्षा फर्माविली, आणि ती शिक्षा गुलामांना व बंडखोरांना द्यावयाची होती. झाडावर टांगलेला तो शापित, असे धर्मशास्त्रही सांगत होते. कायदा, धर्म आणि लोकमत तिघेही एका बाजूला. तिसऱ्या दिवशी देवाने हा निकाल फिरविला. त्याने कोणा राजाला उठविले नाही, महायाजकाला उठविले नाही. त्याने गुन्हेगार ठरविलेल्याला उठविले. म्हणून पुनरुत्थान मानणे याचा अर्थ असा की, जग ज्याला शापित म्हणते त्याच्याविषयी जगाचा निकाल अखेरचा मानावयाचा नाही.

हे मान्य केले की आमच्या अंगणातला प्रश्न टाळता येत नाही. मराठवाड्यातील ख्रिस्ती समाज बव्हंशी गावकुसाबाहेरून आला. जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी बेथेल वसविले; 1843 साली बाप्तिस्मा घेतलेला हा ब्राह्मण आमच्या इतिहासात नावाने आहे, आणि ते योग्यच आहे. पण तिथे त्यांच्यासोबत राहिलेल्या मांग-महार कुटुंबांची नावे किती जणांना ठाऊक आहेत? आम्ही अभिमानाने बाबा पदमनजी, ना. वा. टिळक, पंडिता रमाबाई यांची नावे घेतो. रमाबाईंचे घ्यावे तेवढे थोडेच. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन मरणाच्या दारातील मुली त्यांनी केडगावला आणल्या, तो मला ईस्टरवरचा मराठीतला सर्वांत मोठा उपदेश वाटतो. पण आमच्या अभिमानात श्रद्धा किती आणि जातीचा जुना दिमाख किती, हे आम्ही कधी तपासले आहे काय?

सरकारने तर आमच्या पुढ्यात एक चमत्कारिक कोडे टाकले. 10 ऑगस्ट 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना तो खुला झाला, ख्रिस्ती आणि मुसलमानांना झाला नाही. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी 2022 मध्ये निवृत्त सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमावा लागला. पाण्यात बुडून वर आला म्हणजे माणूस गावाच्या लेखी बदलतो काय? तो त्याच वस्तीत राहतो, त्याच विहिरीवर त्याला तेच ऐकावे लागते. परिणाम असा की, कित्येक घरांत कागदावर एक धर्म आणि उपासनेत दुसरा. मी या माणसांना भित्रे म्हणणार नाही. मुलाची शिष्यवृत्ती गमावणे काय असते, हे ज्याने भोगले नाही त्याने त्यांना धैर्याचे धडे देऊ नयेत. शिष्यही त्या संध्याकाळी भीतीने दारे लावून बसले होते. प्रभू लावलेल्या दारांआड त्यांच्यात येऊन उभा राहिला. त्याने त्यांना बोल लावला नाही, शांती दिली. बोल लावायचाच तर तो त्यांना लावावा, ज्यांनी दारांबाहेर भीती उभी केली, आणि त्यांनाही, जे दारांच्या आत जातीच्या पंगती मांडतात.

आत पंगती नाहीत असे कोणी म्हणत असेल तर त्याने तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या मेलापुदूर येथील दफनभूमीविषयी वाचावे. तिथे दलित ख्रिस्ती आणि इतर ख्रिस्ती यांच्या कबरींमध्ये भिंत बांधली गेली. अंत्यदिनी कर्णा वाजेल तेव्हा ही माणसे भिंतीच्या आपापल्या बाजूला उठणार काय? की उठण्यापूर्वी जातीचा दाखला पाहिला जाणार? महाराष्ट्रात अशा भिंती विटांच्या नसतील. सोयरिकी जुळविताना त्या कशाच्या असतात, हे प्रत्येकाने आपल्या घरी विचारावे.

आणि दुसरीकडे आम्हांला पुरायलाही जागा मिळू नये अशी वेळ येऊ लागली आहे. छत्तीसगडमधील बस्तरात एक पाळक 7 जानेवारी 2025 रोजी वारला. गावाने त्याला गावात पुरू दिले नाही. मुलगा उच्च न्यायालयात आणि मग सर्वोच्च न्यायालयात गेला. देह जवळजवळ तीन आठवडे शवागारात पडून राहिला. 27 जानेवारीला दोन न्यायमूर्तींची मते भिन्न पडली. अखेर दूरच्या एका गावातील ख्रिस्ती दफनभूमीत माती देण्याचा आदेश झाला. मी यात कोणत्या पक्षाची वकिली करीत नाही. एवढेच म्हणतो की, ज्या समाजाला मेलेल्या देहाचीही भीती वाटते, त्याला देहाची किंमत आमच्या पोकळ उपदेशकांपेक्षा अधिक चांगली कळलेली दिसते. बापाला त्याच्या पूर्वजांशेजारी ठेवता यावे म्हणून देशाच्या सर्वांत मोठ्या न्यायालयापर्यंत गेलेल्या त्या मुलाने 'माती राहिली' असे म्हटले नाही. पुनरुत्थानावर तोच बोलला.

कोणी विचारील, दिवाळी अंकाच्या वाचकाला हे सारे कशासाठी? यासाठी की, शेजारी काय मानतो हे त्याच्या शुभेच्छापत्रावरून कळत नसते. आम्ही अंडी रंगवितो म्हणून आम्ही निरुपद्रवी आहोत असा ज्यांचा समज आहे, त्यांना मला सांगावयाचे आहे की आमची श्रद्धा निरुपद्रवी नाही. निदान ती तशी असता कामा नये. आणि माझ्या मंडळीला मला सांगावयाचे आहे ते याहून थोडे आणि रोकडे आहे. येत्या ईस्टरला पहाटेची उपासना कबरस्तानात होईल तेव्हा पहिली साक्ष एखाद्या बाईला देऊ द्या. तिथल्या कबरींत उंच-नीच असेल तर ती त्याच दिवशी मोडून काढा. चंगाईसाठी कोणी पैसे मागितले तर मांडवातून उठून या, आणि ज्या घरात औषधाची बाटली उघडली गेली त्या घरी जाऊन जेवा. उपदेश करू नका, नुसते जेवा. उपासनेनंतर हळदीच्या रानातून परतताना, दुपारच्या आत कढईपाशी लागायचे म्हणून घाईने निघालेल्या मजुराला वाट द्या. ज्या देहाला देव उठविणार आहे, तो देह तोच आहे.